वोखा ते शिलाँग : नागालँडमधील शांतिप्रयत्न आणि बॅप्टिस्ट चर्च (१९६४–१९७५)

प्रस्तावना

धर्म हा समाजात दुही माजवतो की सलोखा निर्माण करतो, हा प्रश्न आपल्या परिसंवादांतून वारंवार चर्चिला जातो. बहुधा ही चर्चा तत्त्वांच्या पातळीवरच राहते. एक पक्ष धर्मयुद्धांची यादी देतो, दुसरा पक्ष धर्मग्रंथांतील शांतीच्या वचनांची. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही याद्यांचा फारसा उपयोग नसतो. विशिष्ट काळी, विशिष्ट प्रदेशात, एका श्रद्धेने बांधलेल्या माणसांनी नेमके काय केले, त्यांना ते करणे का शक्य झाले आणि ते कोठे अडले, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाला हात घालता येत नाही.

प्रस्तुत निबंधात त्यासाठी नागालँडचे उदाहरण घेतले आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये वोखा येथे भरलेल्या बॅप्टिस्ट चर्चच्या अधिवेशनाने शांतिमंडळ नेमण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरपासून भारत सरकार व भूमिगत नागा संघटना यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. स्वतंत्र भारतात सशस्त्र संघर्ष थांबवण्यासाठी एका धार्मिक संस्थेने पुढाकार घेतल्याचे आणि सरकारने तो मान्य केल्याचे हे ठळक उदाहरण होय. आपल्याकडील पदवी स्तरावरील आधुनिक भारताच्या अध्यापनात ईशान्य भारत ओझरताच येतो, आणि आला तरी बंडखोरी व लष्करी कारवाई एवढ्यापुरताच येतो. शांतिप्रयत्नांना तेथे जागा मिळत नाही. जयप्रकाश नारायण यांच्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु भूदान आणि १९७४ चे आंदोलन यांच्या मधल्या त्यांच्या नागालँडमधील कार्याचा उल्लेख त्यात एखाद्या परिच्छेदात आटोपतो.

या निबंधाचे प्रतिपादन असे की, नागालँडमध्ये चर्चला शांतता घडवता आली ती केवळ त्याने शांतीचा उपदेश केला म्हणून नव्हे. दोन्ही शत्रूपक्षांत त्याची माणसे होती म्हणून. हेच त्याचे बळ होते आणि त्याची मर्यादाही यातूनच निर्माण झाली.

एक मंडळी, दोन छावण्या

नागा टेकड्यांत ख्रिस्ती धर्माचा प्रवेश अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या द्वारे झाला. ई. डब्ल्यू. क्लार्क हे आसामातील शिवसागर येथे मिशनच्या छापखान्याच्या कामासाठी आले होते. त्यांच्या अगोदर गोधुला हा आसामी धर्मोपदेशक आओ नागांच्या वस्तीत जाऊन राहिला, आणि डिसेंबर १८७२ मध्ये मोलुंगकिमोंग या गावी पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. या इतिहासात क्लार्कचे नाव मोठ्या अक्षरांत आणि गोधुलाचे लहान अक्षरांत छापले जाते, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

यापुढील वाढ आपण समजतो तितकी वेगवान नव्हती. १९५१ च्या जनगणनेत नागा टेकड्यांतील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ४६ टक्के होती. १९६१ मध्ये ती ५३, १९७१ मध्ये ६७ आणि १९८१ मध्ये ८० टक्क्यांच्या घरात गेली. १९५५ च्या सुमारास अमेरिकन मिशनरी तेथून बाहेर पडले होते. म्हणजेच धर्मप्रसाराचा सर्वांत मोठा टप्पा परकीय मिशनरी निघून गेल्यावर, सशस्त्र संघर्षाच्या ऐन काळात आणि स्थानिक पाळकांच्या हातून पार पडला. ही आकडेवारी महत्त्वाची आहे, कारण त्याच सुमारास आपल्या नागपुरात वेगळाच निष्कर्ष निघत होता. तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. आदिवासी भागातील मिशनरी कार्याकडे राष्ट्रीय ऐक्याला बाधक म्हणून पाहण्याची दृष्टी त्या अहवालात आढळते. त्यानंतर आठच वर्षांनी भारत सरकारने ज्या संस्थेने पुढे केलेली मध्यस्थी मान्य केली, ती संस्था अशाच एका मिशनच्या कार्यातून उभी राहिलेली होती.

राजकीय घटनाक्रम थोडक्यात असा : १९१८ मध्ये नागा क्लब स्थापन झाला, १९२९ मध्ये त्याने सायमन आयोगास निवेदन दिले. १९४६ मध्ये नागा राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. जून १९४७ मध्ये आसामचे राज्यपाल सर अकबर हैदरी यांच्याशी नऊ कलमी समझोता झाला. त्यातील दहा वर्षांच्या मुदतीनंतर काय, या कलमाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला. १४ ऑगस्ट १९४७ रोजी परिषदेने स्वातंत्र्याची घोषणा केली व १६ मे १९५१ पासून अंगामी झापू फिझो यांच्या नेतृत्वाखाली सार्वमत घेतले. १९५६ मध्ये भूमिगत फेडरल सरकार स्थापन झाले, लष्कर आले, गावे जळाली, गावकऱ्यांना एकत्रित वसाहतींत हलवण्यात आले. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. दुसरीकडे मवाळ गटाने १९५७ पासून नागा लोकसभा भरवून जुलै १९६० मध्ये सोळा कलमी करार केला आणि १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे भारतीय संघराज्याचे १६ वे घटकराज्य झाले.

या धावत्या कथनात जे दिसत नाही ते असे की, दोन्ही बाजूंची माणसे रविवारी एकाच प्रकारच्या उपासनेला बसत होती. भूमिगत नागा सेनेत धर्मोपदेशक होते, छावण्यांत प्रार्थना होत आणि चळवळीत ‘नागालँड ख्रिस्तासाठी’ हे घोषवाक्य रूढ झाले. त्याच वेळी सोळा कलमी करारावर सह्या करणारेही बहुतांशी बॅप्टिस्टच होते. जानेवारी १९५६ मध्ये परिषदेचे माजी सचिव टी. साख्रिए यांची हत्या झाली. ते अहिंसेच्या मार्गाकडे झुकले होते. ऑगस्ट १९६१ मध्ये नागा लोकसभेचे अध्यक्ष डॉ. इमकोंगलिबा आओ यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मारणारे आणि मरणारे एकाच श्रद्धेचे होते. सामायिक श्रद्धा म्हणजे आपोआप शांतता, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी या दोन घटनांचा विचार करावा.

मग चर्चने काय वेगळे केले? त्यासाठी बॅप्टिस्ट पंथाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक गावची मंडळी स्वायत्त असते; ती आपला पाळक व आपले सेवक स्वतः निवडते. गावच्या मंडळ्या मिळून जमातवार संघ बनतो, आणि अशा संघांची मिळून १९३७ पासूनची सामाईक परिषद, जी पुढे नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल या नावाने ओळखली गेली. या परिषदेला कोणालाही हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. ती विनंती करू शकत असे, ठराव करू शकत असे, प्रार्थनेचा दिवस ठरवू शकत असे. परंतु तिचा निरोप ज्या वाटेने जात असे, ती वाट प्रत्येक गावापर्यंत पोहोचत होती. शासनाचा कारकून सूर्यास्तानंतर ज्या गावात थांबू शकत नव्हता आणि भूमिगतांचा करवसुली अधिकारी दिवसाढवळ्या ज्या गावात येऊ शकत नव्हता, त्या गावात पाळक कायम राहत होता. जमातीजमातींत विभागलेल्या, गावागणिक भाषा बदलणाऱ्या समाजात सर्व जमातींना एकत्र बसवणारी व दोन्ही पक्षांना परकी न वाटणारी दुसरी संस्था नव्हती. धर्मशास्त्राइतकेच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, महत्त्व या रचनेला द्यावे लागते.

वोख्याचा ठराव

३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी १९६४ या तीन दिवसांत लोथा नागांच्या प्रदेशातील वोखा येथे बॅप्टिस्ट चर्चचे अधिवेशन भरले. राज्य स्थापन होऊन दोनच महिने झाले होते आणि राज्यस्थापनेने गोळीबार थांबलेला नव्हता. अधिवेशनाने ठराव केला की, जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा, शंकरराव देव आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ नेमण्यात यावे.

ही चार नावे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. त्यांत नागा एकही नाही. चौघांपैकी ख्रिस्ती फक्त एक, आणि तोही बॅप्टिस्ट नव्हे तर अँग्लिकन. आपल्याच पाळकांना मध्यस्थ म्हणून पुढे करण्याचा मोह चर्चने टाळला, हा या ठरावातील सर्वांत समंजस भाग होता असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. गावोगावच्या मंडळ्यांत दोन्ही बाजूंचे आप्त असल्याने पाळकाने पंच होणे म्हणजे मंडळी फोडणे होय, याची जाणीव त्यामागे असावी. चर्चने वाटाघाटींचा निवाडा आपल्याकडे घेतला नाही. केवळ वाटाघाटींसाठी जागा करून दिली.

शंकरराव देव यांचे नाव मराठी वाचकाला चकित करील. महाराष्ट्र काँग्रेसचे हे ज्येष्ठ नेते त्या काळात सर्वोदयाच्या कार्यात होते आणि १९६३–६४ च्या दिल्ली–पेकिंग मैत्रीयात्रेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. प्रत्यक्ष शांतिमंडळाचे काम उरलेल्या तिघांनी पाहिले. पण बॅप्टिस्ट पाळकांच्या सभेने एका गांधीवादी मराठी नेत्याचे नाव सुचवावे, यावरून त्यांच्या दृष्टीची व्याप्ती ध्यानात येते. तसेच या काळात देशाचे संरक्षणमंत्रिपद यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. शस्त्रसंधीचा अंमल सुरू झाला तो त्यांच्या कारकिर्दीत.

मायकेल स्कॉट यांचाही मुंबईशी संबंध होता. १९३० च्या दशकात ते मुंबईच्या बिशपांचे चॅप्लिन म्हणून काही काळ येथे होते. पुढे दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी तुरुंगवास पत्करला आणि नैर्ऋत्य आफ्रिकेतील हेरेरो लोकांची कैफियत संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडली. १९६० मध्ये फिझो लंडनला पोहोचले ते स्कॉट यांच्या साहाय्याने. त्यामुळे भूमिगतांचा स्कॉट यांच्यावर विश्वास होता आणि नेमक्या त्याच कारणासाठी दिल्लीला त्यांचा संशय होता. चालिहा दिल्लीच्या विश्वासातले होते. मात्र नागांच्या दृष्टीने ते आसामचे, म्हणजे ज्या प्रशासनाखालून त्यांना बाहेर पडायचे होते त्याचे प्रमुख. जयप्रकाशजी दोहोंच्या मध्ये उभे होते. असे हे मंडळ पूर्णपणे निःपक्षपाती नव्हते. त्यातील प्रत्येकावर एका पक्षाचा विश्वास आणि दुसऱ्याचा अविश्वास होता. या तिघांचा समतोल साधूनच मंडळाला तटस्थता आली.

एक हजार यार्ड

मे १९६४ मध्ये चाखेसांग भागातील साक्राबा येथे फेडरल सरकारच्या प्रतिनिधींशी शस्त्रसंधीच्या अटी ठरल्या. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पंडित नेहरूंचे निधन झाले. मार्च १९५३ मध्ये कोहिमा येथे नेहरूंच्या सभेतून निवेदन देऊ न दिल्याने नागा जनसमुदाय उठून गेला होता. त्या प्रसंगाची कटुता पुढे कित्येक वर्षे राहिली. नेहरूंच्या अखेरच्या दिवसांत सुरू झालेली ही प्रक्रिया लालबहादूर शास्त्री यांनी पुढे चालू ठेवली, हे त्यांच्या अल्प कारकिर्दीतील श्रेय म्हणून नोंदवले पाहिजे.

शस्त्रसंधीच्या अटी मोठ्या वास्तवदर्शी आहेत. सुरक्षा दलांनी जंगलातील मोहिमा, भूमिगतांच्या छावण्यांवरील छापे, आपल्या ठाण्यांपासून एक हजार यार्डांपलीकडे गस्त, गावांच्या झडत्या, हवाई कारवाई, अटका आणि शिक्षा म्हणून लादलेली मजुरी थांबवावी. भूमिगतांनी दबा धरून हल्ले, दंडवसुली, अपहरण व सक्तीची भरती, घातपात, ठाण्यांवर व शहरांवर गोळीबार थांबवावा आणि गावांत, शहरांत व ठाण्यांपासून एक हजार यार्डांच्या आत गणवेशात वा शस्त्रासह वावरू नये.

या यादीत सार्वभौमत्व हा शब्द नाही, ध्वज नाही, संविधान नाही. यादीतील बहुतेक बाबी गावकऱ्याच्या आयुष्यातील आहेत. झडती, दंड, सक्तीची मजुरी, सक्तीची भरती ही त्याच्यावर कोसळणारी संकटे होती. झूम शेती करणाऱ्या माणसाचे शेत गावापासून लांब, डोंगरउतारावर असते. गस्त आणि दबा या दोहोंच्या मध्ये ते शेत सापडले म्हणजे त्या वर्षीचे पीक गेले. गावच्या मंडळीत बसणाऱ्या पाळकाला लोकांचे जे दुःख ठाऊक होते, तेच या अटींत उतरलेले दिसते. दिल्ली आणि भूमिगत नेतृत्व यांचा वाद राज्याच्या स्वरूपाचा होता, गावाचा प्रश्न शेतावर जाता येण्याचा होता. दुसरा प्रश्न पहिल्यापासून अलग करून आधी सोडवणे, हे १९६४ चे खरे यश होय.

६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली. तो दिवस रविवार होता. दिल्लीसाठी ती कार्यालयीन तारीख असेल. गावोगावी मात्र मंडळी त्या दिवशी उपासनेसाठी एकत्र येणारच होती. २३ सप्टेंबर रोजी कोहिम्याजवळील चेडेमा येथे वाटाघाटी सुरू झाल्या. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व परराष्ट्र सचिव वाय. डी. गुंडेविया यांच्याकडे होते. नागालँडचा कारभार १९७२ पर्यंत परराष्ट्र मंत्रालयाकडे होता, ही प्रशासकीय व्यवस्था स्वतःच पुष्कळ काही सांगून जाते. गुंडेविया यांनी पुढे ‘वॉर अँड पीस इन नागालँड’ (१९७५) हा ग्रंथ लिहिला. त्याच्या जोडीला डॉ. एम. आराम यांचा ‘पीस इन नागालँड : एट इयर स्टोरी’ (१९७४) हा ग्रंथ वाचला पाहिजे. एकाचा लेखक वाटाघाटीच्या मेजावर बसणारा सनदी अधिकारी, दुसऱ्याचा लेखक गावोगाव हिंडणारा सर्वोदयी कार्यकर्ता. त्यामुळे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यावाचून त्या काळाचे चित्र पुरे होत नाही.

डॉ. आराम हे शस्त्रसंधीच्या भंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या शांतिनिरीक्षक पथकात होते. त्याच पथकात मार्जरी साइक्स होत्या. क्वेकर पंथाच्या या इंग्रज विदुषींनी सेवाग्राम येथे नई तालीमच्या शिक्षक प्रशिक्षणाचे काम अनेक वर्षे केले होते. वर्ध्याच्या परिसरात त्यांचे नाव परिचित आहे. एखाद्या गावात गोळी झाडली गेली की कोणी झाडली याचा तपास करणे, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकणे, तक्रार नोंदवणे आणि पुढच्या गावी जाणे, असे हे काम होते. ख्रिस्ती क्वेकर स्त्री आणि तमिळ गांधीवादी हिंदू यांनी बॅप्टिस्ट गावांत ते केले. श्रद्धेची शांती म्हणून जे काही म्हणता येईल ते वोख्याच्या व्यासपीठापेक्षा या पायपिटीत अधिक प्रमाणात होते.

‘स्वेच्छेने’ या शब्दाचा प्रवास

चेडेमाच्या वाटाघाटी लवकरच अडल्या. भूमिगत प्रतिनिधींची भूमिका सार्वभौम राष्ट्राची होती. सरकारची भूमिका भारतीय संघराज्याच्या चौकटीची. २० डिसेंबर १९६४ रोजी शांतिमंडळाने आपले प्रस्ताव मांडले. त्यात नागांच्या आत्मनिर्णयाच्या आकांक्षेची दखल घेतली होती आणि भारत सरकारच्या घटनात्मक भूमिकेचीही. मंडळाने सुचवलेला मार्ग असा की, फेडरल सरकारने स्वेच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी होण्याचा निर्णय घ्यावा आणि भारत सरकारने या संबंधांची रचना नागांच्या आकांक्षांशी जुळेल अशी कितपत बदलता येईल याचा विचार करावा.

‘स्वेच्छेने’ हा या प्रस्तावाचा प्राण होता. त्यात जयप्रकाशजींचे लोकशाहीविषयक चिंतन आहे आणि बॅप्टिस्ट परंपरेशीही तो शब्द विलक्षण जुळतो. बॅप्टिस्ट पंथ अर्भकाला बाप्तिस्मा देत नाही. समजत्या वयाच्या माणसाने स्वतःच्या निर्णयाने तो घ्यायचा असतो. सक्तीची श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हा त्या पंथाचा पाया आहे. राजकीय निष्ठेलाही तोच न्याय लावावा, अशी सूचना या प्रस्तावात गर्भित होती. भूमिगतांनी मात्र तो आहे तसा स्वीकारला नाही.

पुढील दोन वर्षांत मंडळाचा आधार खचत गेला. फेब्रुवारी १९६६ मध्ये जयप्रकाशजींनी राजीनामा दिला, त्यानंतर चालिहाही बाहेर पडले. एप्रिल १९६६ मध्ये लुमडिंग व डिफू येथे रेल्वेत स्फोट होऊन मोठी प्राणहानी झाली आणि संशयाची सुई भूमिगतांकडे वळली. मे महिन्यात स्कॉट यांना भारतातून परत पाठवण्यात आले. इंदिरा गांधी यांच्याशी फेब्रुवारी १९६६ ते ऑक्टोबर १९६७ या काळात वाटाघाटींच्या सहा फेऱ्या झाल्या, पण निष्पत्ती शून्य. तरीही मुदतवाढ मिळत मिळत शस्त्रसंधी टिकून राहिली. ऑगस्ट १९७२ मध्ये मुख्यमंत्री होकिशे सेमा यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि सरकारने ती संपुष्टात आणली. मंडळ मोडल्यानंतरही शस्त्रसंधी सहा वर्षे चालली, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. कागदावर ती दोन सत्तांमधील करार होती. तिला गावांनी व गावच्या मंडळ्यांनी आपली मानले होते म्हणून ती टिकली, असेच म्हणावे लागेल.

शस्त्रसंधी संपल्यावर चर्चने पुन्हा पुढाकार घेतला. १९७४ मध्ये नागालँड शांतता परिषद स्थापन झाली. तिच्या संपर्क समितीत रेव्हरंड लोंगरी आओ, केनेथ केरहुओ, एल. लुंगालांग, लुंगशिम शैझा आणि डॉ. आराम होते. लोंगरी आओ हे या इतिहासातील अत्यंत आदरणीय व्यक्तिमत्त्व. १९५० पासून त्यांनी कोन्याक नागांच्या दुर्गम भागात काम केले होते; चर्च कौन्सिलचे कार्यकारी सचिव म्हणून दोन्ही बाजूंकडे त्यांची ये-जा होती. पण १९६४ आणि १९७५ यांत एक मूलभूत फरक होता. वोख्याला चर्चने मध्यस्थ बाहेरून बोलावले होते. आता चर्चची माणसे स्वतः मध्यस्थ झाली. आणि काळ आणीबाणीचा होता.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी शिलाँग येथे राज्यपाल एल. पी. सिंग आणि भूमिगतांचे काही प्रतिनिधी यांच्यात करार झाला. सह्या करणाऱ्यांत फिझो यांचे बंधू केवी याल्ले होते. पहिलेच कलम असे की, भूमिगत संघटनांचे प्रतिनिधी स्वेच्छेने आणि विनाअट भारतीय संविधान मान्य करीत आहेत. दुसरे कलम शस्त्रे जमा करण्याचे, तिसरे उर्वरित मुद्दे मांडण्यासाठी वाजवी मुदत देण्याचे.

अकरा वर्षांपूर्वीचा ‘स्वेच्छेने’ हा शब्द येथे परत आला आहे, पण आता त्याच्या शेजारी ‘विनाअट’ बसला आहे. १९६४ च्या प्रस्तावात नागांच्या स्वेच्छेच्या बदल्यात दिल्लीने संबंधांची रचना तपासायची होती. शिलाँग करारात ती दुसरी बाजू मुदतीच्या आश्वासनापुरती उरली. आणीबाणीत, लष्करी दबावाखाली, लंडनमधील फिझो यांच्या जाहीर संमतीवाचून झालेल्या सहीला स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न नागा समाजात तेव्हापासून विचारला जातो. करार अमान्य करणाऱ्या आयझॅक स्वू, टी. मुइवा आणि एस. एस. खापलांग यांनी १९८० मध्ये नवी संघटना स्थापन केली; १९८८ मध्ये तीही फुटली, आणि त्यानंतर नागांच्या हातून नागांचे जे रक्त सांडले त्याने जुन्या जखमा फिक्या पडल्या.

या अपयशाचा दोष चर्चवर कितपत येतो? करार घडवून आणण्यात त्याच्या माणसांचा हात होता, आणि करार अमान्य करणाऱ्यांच्या लेखी चर्च आता एका पक्षाचे झाले, हे नाकारता येत नाही. मात्र याला लोंगरी आओ व त्यांच्या सहकाऱ्यांची भोळसट फसगत म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ मध्ये गावे पुन्हा कारवाईखाली होती. गोळीबार थांबावा यासाठी अपुरा करारही पत्करावा, हा पाळकाचा विचार आहे; राजकारणी माणसाचा नव्हे. इतिहासकाराला त्याचे परिणाम दाखवता येतात, त्यामागची करुणा खोटी ठरवता येत नाही.

शिलाँगनंतर

नंतरच्या घटनांचा येथे केवळ निर्देश करतो येतो. १ ऑगस्ट १९९७ पासून भारत सरकार आणि स्वू–मुइवा गट यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली आणि ३ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांच्यात चौकट करार झाला. या दिल्लीच्या वाटेला समांतर अशी दुसरी वाट २००८ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी स्थापन झालेल्या नागा समेट मंचाचे निमंत्रक बॅप्टिस्ट धर्मशास्त्राचे अध्यापक रेव्हरंड वाती आयर होते. मंचाने सरकार आणि भूमिगत यांच्यातील मध्यस्थी हाती घेतली नाही. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या नागा गटांना समोरासमोर बसवणे एवढेच काम घेतले. त्यासाठीच्या बैठका थायलंडमधील चिआंग माई येथे झाल्या आणि क्वेकर व अमेरिकन बॅप्टिस्ट शांतिकार्यकर्त्यांनी त्यांत साहाय्य केले.

१३ जून २००९ रोजी आयझॅक स्वू, एस. सिंग्न्या आणि खोले कोन्याक या तीन गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. नागांच्या ऐतिहासिक व राजकीय हक्कांच्या आधारावर समेट आणि क्षमा यांना वाहून घेण्याचे वचन त्यात आहे. हे वचन दिले आहे ते देवासमोर आणि नागा जनतेसमोर. १९६४ च्या अटींत क्षमा हा शब्द नव्हता आणि १९७५ च्या कलमांतही नव्हता; साख्रिए यांच्या हत्येला त्या वेळी त्रेपन्न वर्षे होऊन गेली होती.